घरच्या घरी रेड वाईन चाखणं आणि पारखणं: खान्देशातून वारंवार येणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबारकडून आमच्याकडे येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कुणी नाशिकहून पहिल्यांदा बाटली आणलेली असते, कुणाला ती भेट मिळालेली असते, तर कुणी बऱ्याच वर्षांपासून पीत असतं, पण काय चांगलं आणि का, हे सांगता येत नसतं. उत्तरं सुटी सुटी वाचली तरी चालतील. हे सारं कायद्याने ठरवलेलं वय पूर्ण केलेल्यांसाठीच आहे.

१. वाईन पिणं आणि वाईन चाखणं यात फरक काय?

पिताना लक्ष गप्पांकडे, जेवणाकडे असतं. चाखताना ते ग्लासकडे असतं आणि जे जाणवलं ते लगेच लिहून ठेवलं जातं. बाकी सगळं यातून येतं. प्रमाणही कमी लागतं: एका वेळी ५० मिलि पुरे, म्हणजे ७५० मिलिच्या एका बाटलीत पंधरा जणांचं चाखणं होतं. व्यावसायिक लोक घोट तोंडात फिरवून थुंकतात. तीन-चार वाईन ओळीने चाखायच्या असतील तर घरीही एक पिकदाणी किंवा रिकामा मग बाजूला ठेवावा, त्यात कमीपणा काही नाही. उलट चौथ्या ग्लासापर्यंत जीभ आणि डोकं दोन्ही जागेवर राहतात.

२. महागडे ग्लास घ्यावेच लागतात का?

नाही. खाली फुगीर, वर तोंड थोडं निमुळतं, पातळ काच आणि खाली दांडी एवढं असलं की झालं. चाखण्यासाठीच्या ग्लासचं एक आंतरराष्ट्रीय प्रमाण १९७७ साली ठरलं. तो ग्लास अवघा २१५ मिलिचा असतो. महत्त्वाचं हे की सगळे ग्लास एकसारखे असावेत, नाहीतर तुलना वाईनची होते की ग्लासची, हेच कळत नाही. स्टीलचा पेला नको. रंग दिसत नाही.

ग्लास धुऊन कपाटात उपडे ठेवले असतील तर त्यांना कपाटाचा वास लागतो. वापरण्याआधी रिकामा ग्लास हुंगून पाहा, साध्या पाण्याने विसळा. सोबत पांढरा कागद, पाणी, वही-पेन आणि बिनमिठाचा पाव किंवा साधी भाकरी. उन्हाळ्यात एक गोष्ट हमखास विसरली जाते: कूलरमधल्या खसाचा वास. तो फार सुंदर असतो, पण त्या खोलीत वाईनचा वास कळणं कठीण. अगरबत्ती, फोडणी, अत्तर यांचंही तेच. मसाला कुटायचा दिवस असेल तर बेत सरळ पुढे ढकला.

३. सुरुवात कोणत्या बाटलीपासून करू?

दोन बाटल्या घ्या: एक शिराझ, एक कॅबरने सोव्हिन्यों. ही द्राक्षांच्या जातींची नावं, वाईनलाही तीच लागतात. दोन्ही नाशिक भागातल्या आणि एकाच साधारण किमतीच्या असाव्यात. एकटी बाटली फार थोडं शिकवते, शेजारी दुसरी ठेवली की फरक आपोआप बोलू लागतात. शिराझ बहुधा पिकलेल्या काळ्या फळांकडे आणि मसाल्याकडे झुकते, कॅबरनेमध्ये तुरटपणा जास्त आणि कधी हिरव्या ढोबळी मिरचीची छटा असते.

लेबलवरचं साल म्हणजे द्राक्षं तोडल्याचं साल. आपल्याकडे तोडणी जानेवारी ते मार्चच्या सुमाराला होते. बहुतेक भारतीय रेड लवकर पिण्यासाठीच बनवलेल्या असतात. साल जुनं म्हणजे वाईन भारी, हा समज त्यांना लागू पडत नाही. साठवण नीट नसेल तर जुनी बाटली म्हणजे जास्त वेळ तापलेली बाटली.

४. रेड वाईन ‘रूम टेंपरेचर’ला प्यावी म्हणतात. मग भुसावळात मे महिन्यात काय करायचं?

हा सल्ला युरोपातल्या जुन्या, थंड घरांचा आहे. तिथली खोली १६ ते १८ अंशांची असायची. भुसावळात मेमध्ये दुपारी पारा ४५च्या आसपास जातो आणि रात्री जेवायच्या वेळीही भिंती तापलेल्याच असतात. त्या तापमानाला कुठलीही रेड वाईन वाईटच लागेल. अल्कोहोलची वाफ आधी नाकात शिरते, फळाचा वास तिच्यामागे दडतो, आणि तोंडात सगळं सैल, जळजळीत वाटतं. खान्देशात ‘मला रेड आवडत नाही’ म्हणणाऱ्या कितीतरी लोकांनी ती योग्य तापमानाला कधी चाखलेलीच नसते, असं माझं ठाम मत आहे.

लक्ष्य ठेवा १५ ते १८ अंशांचं. बाटली खोलीतल्या कपाटात असेल तर बादलीत बर्फ आणि पाणी दोन्ही घालून तीत १५-२० मिनिटं बुडवा. नुसत्या बर्फापेक्षा बर्फाचं पाणी लवकर गार करतं. बाटली फ्रीजमध्येच असेल तर अर्धा तास आधी बाहेर काढा आणि ग्लासात ओतल्यावर थोडं थांबा. ग्लासातली वाईन तापायला वेळ लागत नाही, म्हणून थोडी थोडी ओता आणि बाटली परत गारव्याला ठेवा. स्वयंपाकघरातला थर्मामीटर असेल तर उत्तम. ग्लासात बर्फ मात्र नको, चव पातळ होते.

फार गार करणंही चुकीचंच. ८-१० अंशांवर वास मिटून जातो आणि तुरटपणा, कडवटपणा टोकदार होतो. हे स्वतः पाहायचं तर एक ग्लास थेट फ्रीजमधून ओता आणि दर दहा मिनिटांनी हुंगा. एकच वाईन तासाभरात किती रूपं दाखवते ते कळेल.

५. बाटली घरी कुठे ठेवू? आणि नाशिकहून आणताना?

हिवाळ्यात पलंगाखाली, अंधारात, आडवी ठेवली तरी चालते. मार्चनंतर ते विसरा. आदर्श तापमान १२ ते १५ अंशांचं, आणि आपल्या घरांत उन्हाळ्यात ते फ्रीजखेरीज कुठेच मिळत नाही. फ्रीज थोडा जास्त थंड असतो, पण काही महिन्यांसाठी तो चाळीस अंशांच्या कपाटापेक्षा हजारपट बरा. स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर, फ्रीजच्या डोक्यावर किंवा शोकेसमध्ये कधीही नको. बुचाची बाटली आडवी ठेवावी म्हणजे बूच सुकत नाही; फिरकीच्या झाकणाची उभी चालते.

मुंबई-आग्रा महामार्गाने धुळ्याकडे येताना बाटल्या डिकीत टाकू नका. उन्हात उभ्या गाडीची डिकी भट्टी होते. बाटल्या आत, पायाशी, ओल्या टॉवेलात गुंडाळून आणा, आणि चहाला थांबलात तर गाडी सावलीत लावा. तापलेल्या बाटलीची लक्षणं प्रश्न १३ मध्ये आहेत.

६. नेमकं करायचं काय, क्रमाने सांगा.

ग्लासात एक तृतीयांशापेक्षा कमी ओता. पांढऱ्या कागदावर तिरका धरून रंग पाहा. मग न हलवता हुंगा. हा पहिला वास सर्वांत नाजूक असतो आणि हलवल्यावर तो हरवतो. आता ग्लास टेबलावरच गोल फिरवा आणि पुन्हा हुंगा. लांब श्वास घेण्यापेक्षा दोन-तीन छोटे हुंगे चांगले. नाक थकलं तर स्वतःच्या मनगटाचा वास घ्या आणि परत या.

मग छोटा घोट घेऊन सगळ्या तोंडात फिरवा, ओठ किंचित उघडून थोडी हवा आत ओढा. बराचसा ‘स्वाद’ खरं तर घशामागून नाकात जाणारा वास असतो. सर्दी झाल्यावर जेवण बेचव लागतं ते त्यामुळेच. घोट गिळा किंवा थुंका, आणि चव किती सेकंद रेंगाळते ते मनात मोजा. शेवटी लिहा. बोलायच्या आधी लिहा, हा नियम आमच्याकडे सर्वांत कडक आहे. एकाने ‘चॉकलेट’ म्हटलं की पुढच्या मिनिटात सगळ्यांना चॉकलेटच लागायला लागतं.

७. रंगावरून आणि ग्लासवरून ओघळणाऱ्या धारांवरून दर्जा कळतो का?

धारांवरून नाही. अल्कोहोल आणि पाणी यांच्या पृष्ठताणातल्या फरकामुळे त्या तयार होतात. जेम्स थॉमसन यांनी १८५५ मध्येच याचं स्पष्टीकरण दिलं होतं. धारा ठळक म्हणजे बहुधा अल्कोहोल जास्त, एवढंच.

रंग थोडं अधिक सांगतो. तरुण रेडच्या कडेला जांभळी झाक असते. वय वाढतं तशी ती विटकरी, मग तपकिरी होत जाते. दोन वर्षांच्या वाईनला तपकिरी कड दिसली तर तिला हवा किंवा उष्णता लागल्याची शंका घ्या. गडद म्हणजे चांगली असं मात्र नाही. पिनो न्वार ही द्राक्षाची जात मुळातच फिकट वाईन देते.

८. पुस्तकात ‘ब्लॅकबेरी, सीडर, कॅसिस’ लिहितात. हे मी कधी पाहिलेलंच नाही. माझ्या नाकात काही दोष आहे का?

अजिबात नाही. ती त्या लोकांच्या बागेतली आणि जंगलातली नावं आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधक अ‍ॅन नोबल यांनी १९८४ मध्ये वाईनच्या वासांचं प्रसिद्ध चक्र मांडलं. त्यामागचा विचार असा की ‘छान’, ‘रुबाबदार’ असे शब्द टाळून, समोर ठेवून हुंगता येतील अशा वस्तूंची नावं घ्यावीत. मग आपल्या वस्तू घ्यायला काय हरकत?

आणि खान्देशी स्वयंपाकघराइतकी वासांची शाळा दुसरीकडे क्वचित सापडेल. काळ्या मसाल्याचा डबा उघडा: लवंग, मिरी, दालचिनी, तेजपान, दगडफूल, भाजलेलं खोबरं. ओकच्या पिंपात मुरलेल्या वाईनमध्ये यातले काही वास खरोखरच असतात. लवंगेतलं युजेनॉल ओकच्या लाकडातही असतं. अमेरिकन ओकमधून खोबऱ्यासारखा वास देणारी लॅक्टोन नावाची द्रव्यं येतात. पिंप आतून भाजलेलं असतं, त्यातून धुराचा वास देणारं ग्वायाकॉल येतं. काड्यांवर भाजलेल्या भरिताच्या वांग्याची साल सोलताना जो धूर हाताला लागतो, त्याच्या जवळचा हा वास आहे.

फळांसाठी जांभूळ, करवंद, तुती, काळे मनुके, डाळिंब, सुकं अंजीर. इतर वासांसाठी पहिल्या पावसाची माती, नवी कातडी चप्पल, तंबाखू, काकवी. या वस्तू छोट्या वाट्यांत घालून, डोळे बांधून ओळखायचा सराव करा. फार जणांना स्वतःच्या डब्यातलं दगडफूलही पहिल्यांदा ओळखता येत नाही, कारण वास ओळखीचा असतो पण त्याला नाव दिलेलं नसतं. काही आठवड्यांच्या सरावात ही नावं जिभेवर येतात. लेबलच्या मागची वर्णनं मात्र चाखून झाल्यावरच वाचा.

९. तुरट, आंबट, कडू, सगळं एकदमच लागतं. वेगळं कसं करायचं?

वेगवेगळं शिकून. तुरटपणा ही खरं तर चव नाही, स्पर्श आहे. द्राक्षाच्या सालीतलं आणि बियांमधलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, लाळेचा गुळगुळीतपणा जातो आणि हिरड्या, गालांची आतली बाजू ओढल्यासारखी होते. रावेर-यावल पट्ट्यात हे समजावून सांगावंच लागत नाही: कच्च्या केळ्याची फोड चावा, तेच ते. कडूपणा जिभेवर, मागच्या बाजूला रेंगाळतो आणि तोंड कोरडं करत नाही.

आंबटपणा याच्या उलट वागतो, तो लाळ आणतो. घोट गिळून मान थोडी खाली करा. तोंडात किती पाणी सुटलं, त्यावरून आंबटपणाचा अंदाज येतो. अल्कोहोल घशात ऊब किंवा जळजळ म्हणून कळतं.

सरावासाठी चार कप मांडा: कोरा आणि कडक, गार केलेला चहा, लिंबू पिळलेलं पाणी, साखरेचं पाणी, आणि पहिले दोन एकत्र केलेला चौथा. चौथ्या कपात तुरट आणि आंबट एकमेकांना कसे धारदार करतात ते बघा. मग चौथ्यात थोडी साखर घाला. दोन्ही मऊ होतील. वाईन ‘तोलात’ आहे म्हणतात तेव्हा हेच घडलेलं असतं.

एक फसगत नेहमी होते. पिकलेल्या फळाचा वास आला की वाईन गोड आहे असं वाटतं, प्रत्यक्षात साखर जवळजवळ नसते. नाक चिमटीत धरून घोट घ्या. गोडवा गायब झाला तर तो वासाचा होता.

१०. बायकोला शिराझमध्ये स्पष्ट मिरी लागते, मला कणभरही नाही. खरं कोण?

दोघंही. शिराझमधला मिरीचा वास रोटंडोन नावाच्या द्रव्याचा असतो; काळ्या मिरीतही तेच असतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ते २००८ मध्ये दाखवून दिलं, आणि त्यांच्या चाचणीत सुमारे पाचातल्या एकाला हा वास भरपूर प्रमाणातही आला नाही. तुम्ही त्या गटात असाल. वहीत तशी नोंद करा आणि शिराझला गुण देताना वहिनींचं मत विचारात घ्या.

११. गुण कसे द्यायचे?

शंभर गुणांची पद्धत अमेरिकन वाईन समीक्षक रॉबर्ट पार्कर यांनी लोकप्रिय केली, पण तिची सुरुवातच ५० पासून होते आणि घरी ८७ आणि ८९ मधला फरक कुणालाच सांगता येत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधली २० गुणांची पद्धत १९५९ची. तिला थोडं सोपं करून आम्ही अशी वापरतो: रंग २, वास ६, तोंडातला तोल ६, चव रेंगाळणं ३, आणि वासा-चवीतली विविधता ३.

‘मला आवडली का’ हा रकाना वेगळा ठेवा आणि त्याला गुण देऊ नका. एखादी वाईन उत्तम घडवलेली असूनही तुम्हाला न रुचणं शक्य आहे, आणि उलटही. हा फरक जाणवू लागला की पारख सुरू झाली असं समजा.

१२. महाग बाटली मला नेहमी चांगलीच लागते. हा माझ्या मनाचा खेळ तर नाही?

असू शकतो. फ्रान्सच्या बोर्दोमधल्या २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वाईनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाईन वास नसलेल्या रंगाने लाल करून दिली, तर त्यांनी तिचं वर्णन रेड वाईनच्या शब्दांत केलं. शिकलेल्या नाकांचं असं होतं, तर किमतीचा आकडा आपल्याला हलवेलच.

उपाय सोपा आहे. बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळा, क्रमांक टाका, आणि ओतणारा माणूस चाखणारा नसावा. त्याहून कडक परीक्षा तीन ग्लासांची: दोनमध्ये एकच वाईन, तिसऱ्यात दुसरी, वेगळा ग्लास ओळखायचा. एकदा बरोबर आलं तर फार हुरळू नका, नुसत्या अंदाजानेही तीनातून एकदा बरोबर येतं. ग्लासांचा क्रम बदलत सहा वेळा करा. सहापैकी पाच बरोबर आले तर तुम्हाला फरक खरंच कळतो. निव्वळ नशिबाने तसं होण्याची शक्यता २ टक्क्यांहून कमी आहे.

१३. बाटली बिघडली आहे हे कसं ओळखू?

आपल्याकडे पहिला संशयित नेहमी उष्णता. बूच थोडं वर आलेलं, वेष्टनाखाली चिकट ओघळ, आणि ताज्या फळाऐवजी शिजवलेल्या मुरंब्याचा, काकवीचा वास. अशी वाईन दुरुस्त होत नाही.

ओल्या पुठ्ठ्याचा, बुरशी लागलेल्या गोणपाटाचा वास येत असेल आणि फळ गायब असेल तर तो बुचाचा दोष. टीसीए नावाचं हे द्रव्य एका लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम असलं तरी नाकाला कळतं. ग्लासात ठेवल्यावर हा वास वाढतोच. आंबवणीचा आणि नेलपॉलिशचा वास म्हणजे व्हिनेगरच्या वाटेवर. कुजक्या अंड्याचा किंवा जळलेल्या काडेपेटीचा वास मात्र पुष्कळदा हवा लागल्यावर उडून जातो. अशी बाटली जगमध्ये ओतून अर्धा तास थांबा. तांब्याच्या भांड्यात ओतू नका, आंबट पदार्थांचा नियम इथेही लागू आहे.

गोठ्याचा किंवा घोड्याच्या खोगिराचा वास हे अवघड प्रकरण. तो ब्रेटानोमायसिस नावाच्या यीस्टमुळे येतो. हलका असेल तर काहींना हवासा वाटतो, जास्त असेल तर फळ झाकून टाकतो. माझ्या मते फळ दिसत नसेल तर दोष लिहावा.

१४. तळाशी काचेच्या चुऱ्यासारखे खडे दिसले. फेकून देऊ?

नको. ते टार्टरिक आम्लाचे क्षार, द्राक्षातलेच. फ्रीजमध्ये ठेवल्यावर ते जास्त दिसतात. बाटली काही तास उभी ठेवा आणि शेवटचा घोटभर भाग ओतू नका.

१५. शेवभाजीबरोबर रेड चालते का?

पारखायची असेल तर जेवणाआधी चाखा. मिरचीतलं कॅप्सेसिन अल्कोहोलची जळजळ वाढवतं आणि टॅनिन खरखरीत करतं, त्यामुळे झणझणीत रश्श्यासोबत कडक कॅबरने म्हणजे दोन्हीचं नुकसान. शेवभाजीच हवी असेल तर कमी तुरट, फळदार वाईन १४-१५ अंशांवर घ्या.

माझी पसंती भरिताला. शेंगदाण्याचं तेल, कांद्याची पात, धुराचा वास, आणि मिरची हात राखून. ओकमधली शिराझ त्याच्यासोबत फार सुरेख लागते. तूप ओतलेल्या वरण-बट्टीसोबत कॅबरनेचा तुरटपणा मऊ होतो. ठेचा ताटात असेल तर वाईन बाजूला ठेवलेली बरी.

१६. उघडलेली बाटली किती दिवस टिकते?

झाकण घट्ट लावून फ्रीजमध्ये तीन-चार दिवस. बाहेर, उन्हाळ्यात, दुसऱ्या दिवशीच चव उतरते. अर्धी बाटली छोट्या स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरून ठेवली तर हवा कमी लागते. रोज एक घोट चाखून नोंद ठेवली तर हवेने बिघडणं म्हणजे काय हेही शिकून होतं.

१७. रेड प्यायल्यावर डोकं दुखतं. आणि रोज एक ग्लास हृदयाला चांगला, हे खरं का?

डोकेदुखीचा दोष वाईन टिकावी म्हणून घातलेल्या सल्फाइटला देतात, पण पांढऱ्या वाईनमध्ये ते सहसा रेडपेक्षा जास्त असतं. २०२३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या संशोधकांनी द्राक्षाच्या सालीतल्या क्वेर्सेटिन नावाच्या द्रव्यावर बोट ठेवलं आहे. अजून तो अंदाज आहे. आपल्याकडे पाणी कमी पडणं हेही एक मोठं कारण आहे. प्रत्येक वेळी दुखत असेल तर रेड बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा. दम्याच्या रुग्णांनी सल्फाइटबाबत आधीच विचारून घ्यावं.

हृदयासाठी म्हणून कुणीही सुरुवात करू नये. अल्कोहोलचं कुठलंच प्रमाण आरोग्याला पूर्ण सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं. गरोदरपणात, औषधं सुरू असताना अजिबात नको. चाखून झाल्यावर गाडीही नको; कायद्याची मर्यादा १०० मिलि रक्तात ३० मिलिग्रॅमची आहे.

१८. आम्ही जैन आहोत. वाईन शाकाहारी असते का?

अल्कोहोल घ्यायचंच की नाही, हा निर्णय तुमचा. वाईन द्राक्षांचीच असते, पण ती निवळण्यासाठी वापरलेला पदार्थ प्राणिज असू शकतो. रेडमधला कडक तुरटपणा कमी करायला परंपरेने अंड्याचा पांढरा बलक वापरतात. काही ठिकाणी जिलेटिन. काही जण न निवळताच भरतात. लेबलवर स्पष्ट नसेल तर वायनरीला विचारून खात्री करा.

१९. ‘पोर्ट’, जांभळाची वाईन, मोहाची दारू, यांनाही हीच पद्धत लावायची का?

पोर्ट मूळची पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातली. आंबवण चालू असतानाच द्राक्षाचं स्पिरिट घालून ती थांबवतात, म्हणून साखर उरते आणि अल्कोहोल २० टक्क्यांच्या आसपास जातं. आपल्याकडे ‘पोर्ट’ नावाने मिळणाऱ्या स्वस्त, गोड बाटल्या हा वेगळाच प्रकार आहे. प्रश्न ११ मधल्या गुणांत तिला कॅबरनेशेजारी बसवू नका. गोड वाईन गोड वाईनशीच ताडून पाहा, आणि गोडव्याला पेलणारा आंबटपणा आहे का ते बघा.

जांभळाच्या वाईनला प्रश्न ६ मधला क्रम जसाच्या तसा लागतो. तिच्यात रंग आणि तुरटपणा दोन्ही भरपूर असतात, त्यामुळे प्रश्न ९ मधला सराव खूप उपयोगी पडतो. तिला द्राक्षाच्या वाईनसारखी लागते म्हणून चांगले गुण देऊ नका. जांभळाचा वास नाकात ठळक राहिला, तोंडात आंबट-तुरट यांचं जमलं, तर ती चांगली.

सातपुड्यातली मोहाची दारू गाळलेली असते, म्हणजे ती वाईन नव्हेच. तिची पारख पावरा-भिल्ल घरांतल्या जाणत्यांकडून शिकावी; त्यांना फुलं कशी वाळवली इथपासून सगळं वासावरून कळतं. या पानावरचे वीस गुण तिथे वापरू नका.